तुमच्या कपाटातलं गोल तिकीट

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
रेल्वे मंडळ, रेल भवन, नवी दिल्ली.

विषय : सर्क्युलर जर्नी तिकीट खिडकीवर आणि मोबाइलवर सहज मिळण्याबाबत.

महोदय,

नवी गाडी मागायला हे पत्र लिहीत नाही. आमच्या गावाला थांबा द्या असंही म्हणत नाही. त्यासाठी आमचे खासदार आहेत आणि ते त्यांच्या परीनं तुमचा पिच्छा पुरवतच असतात. मला हवी आहे ती वस्तू तुमच्याकडे आधीपासून आहे. नियमांत आहे, भाड्याच्या हिशेबात तिची जागा ठरलेली आहे, तुमच्या माहितीपत्रकात तिचं वर्णनही आहे. लोकांना मात्र तिचा पत्ता नाही, आणि पत्ता लागलाच तर ती पदरात पडेपर्यंत माणूस सुट्टीचा विचार सोडून देतो.

सर्क्युलर जर्नी तिकीट म्हणतोय मी. जिथून निघालो तिथंच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, मार्ग आपला आपण आखायचा, आणि सगळ्या प्रवासाचं मिळून एकच तिकीट. काही ठरलेले वर्तुळमार्ग विभागीय रेल्वेंनी आखून ठेवलेले असतात. ते पसंत नसतील तर स्वतःचा काढून आणा, असंही तुमचेच नियम सांगतात. एका सरकारी खात्यानं सामान्य माणसाला इतकी मोकळीक दिलेली मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही. आमच्या आळीत या गोल तिकिटाचा विषय काढला, तर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सोडता कोणीही ते नाव ऐकलेलं नव्हतं.

उदाहरण पुण्याचंच घेतो. पुण्याहून निघायचं, कल्याण-वसईवरून गुजरातची वाट धरायची, पहिला मुक्काम बडोदा. तिथून रतलाम-नागद्यावरून उज्जैन. मग भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. आग्र्याहून टुंडल्याला मुख्य मार्गाला लागून कानपूरवरून प्रयागराज, आणि आठवा मुक्काम काशी. परतीला सतना, कटनी, जबलपूर, इटारसी, भुसावळ, मनमाड, दौंड करत पुणे. गोळाबेरीज साधारण पावणेचार हजार किलोमीटर. नकाशावर बोट फिरवून बघा, गेलेल्या मार्गानं परत यायची वेळ जवळजवळ कुठंच येत नाही. आठ थांब्यांची तुमची मर्यादाही नेमकी पुरते.

ही आठ गावं मी का निवडली ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, पण पत्र दिल्लीला जायचं आहे म्हणून सांगतो. बडोद्याला गायकवाड, ग्वाल्हेरला शिंदे, झाशीला नेवाळकर. उज्जैनच्या महाकालेश्वराचं आजचं मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांच्या काळातलं. भोपाळजवळ १७३७ साली बाजीरावानं निजामाला कोंडीत पकडलं. आग्र्याहून शिवाजी महाराज निसटले ते १६६६ साली. काशीत विश्वनाथाचं मंदिर १७८०च्या सुमारास अहिल्याबाईंनी पुन्हा उभारलं, आणि घाटांवरून चालत गेलं तर शिंदे, भोसले, पेशवे अशी नावं एकामागोमाग एक भेटत जातात. शाळेत सनावळ्यांसकट पाठ केलेला हा सगळा भाग आम्ही सलग कधी पाहिलेलाच नसतो. कोणी उज्जैनला जाऊन येतो, कोणी काशीला. मधली झाशी गाडीच्या खिडकीतून दिसते, तीही रात्री जाग असली तर.

या वाटेवर आमच्यातला एक माणूस पूर्वी पायी जाऊन आलेला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेनं काकांना घेऊन ते १८५७ साली घरून निघाले. मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती आणि बोरघाटातून रूळ जायला अजून सहा वर्षं होती. महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी असं करत ते नेमके बंडाच्या तोंडी सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा गोडसे भटजी शहरातच होते. लुटले गेले, पुन्हा कमावलं, पुन्हा लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढं त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली 'माझा प्रवास' नावानं छापलं. भटजींना वाटेत भेटल्या त्या अडचणी तुमच्या खात्याकडून कोणी मागत नाही. त्यांच्याजवळ होती ती एक गोष्ट मात्र मागतोय : कुठं थांबायचं आणि कुठून निघायचं हे स्वतः ठरवण्याची मुभा.

आता पैशांचं बोलू, कारण या तिकिटाची खरी गंमत तिथं आहे. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला उतरत जातं. पुण्याहून निघालेल्या माणसाला शेवटचे शंभर किलोमीटर पहिल्या शंभरापेक्षा स्वस्त पडतात. पण तोच प्रवास नऊ तुकड्यांत केला की प्रत्येक तुकडा पुन्हा पहिल्या, महाग किलोमीटरपासून मोजला जातो. शिवाय किमान अंतराचा नियम आहेच : स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं, थ्री टियर एसीला ३०० किलोमीटरचं. झाशी ते ग्वाल्हेर शंभरभर किलोमीटर, ग्वाल्हेर ते आग्रा सव्वाशेच्या आत. या दोन टप्प्यांना एसीतून जाणारा माणूस सव्वादोनशेही किलोमीटर धड जात नाही आणि पैसे मोजतो सहाशेचे. दीड-दोन तासांसाठी एसी हवाच कशाला, असं कोणी म्हणेल. त्यांनी मे महिन्यात बुंदेलखंडातून दुपारच्या गाडीनं एकदा जावं.

गोल तिकिटात हे सगळं सरळ होतं. एकूण अंतराचे दोन समान भाग करायचे आणि तेवढ्या लांबीच्या दोन एकेरी प्रवासांचं भाडं घ्यायचं, असा तुमचा नियम आहे. म्हणजे आमच्या पावणेचार हजार किलोमीटरांचे, सुमारे पावणेएकोणीसशे किलोमीटरचे असे दोन लांब पल्ले. लांब पल्ल्याचा उतरता दर सगळ्या वाटेला लागतो आणि छोट्या टप्प्यांचा भुर्दंड नाहीसा होतो. आरक्षणाचं शुल्क, सुपरफास्टचा अधिभार हे त्या त्या गाडीप्रमाणे वेगळं द्यावं लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. तिकिटाची मुदतही चांगली ऐसपैस आहे. प्रवासाच्या दिवसांसाठी ४०० किलोमीटरला एक दिवस आणि थांब्यांसाठी २०० किलोमीटरला एक दिवस, असा हिशेब. आमच्या वर्तुळाला जवळजवळ चार आठवडे मिळतात. आठ गावांना एवढे दिवस पुरून उरतील. साध्या एकेरी तिकिटावर ५०० किलोमीटरांच्या पुढं एकदा आणि हजाराच्या पुढं दोनदा उतरता येतं, तेही दोन-दोन दिवस. त्याच्याशी तुलना केली म्हणजे हे तिकीट ज्यानं कोणी पहिल्यांदा आखलं, त्याला स्वतःला फिरायची आवड असणार असं वाटतं.

मग घोडं कुठं अडतं? ते मिळवण्याच्या रीतीत. प्रवाशानं आधी मार्ग ठरवायचा. तो घेऊन विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांकडं किंवा ठरावीक मोठ्या स्थानकांच्या व्यवस्थापकांकडं जायचं. तिथं भाडं काढलं जाणार, ठरलेल्या नमुन्यात स्थानकाला कळवलं जाणार. तो कागद दाखवून तिकीट घ्यायचं. तिकीट हातात आल्यावर आरक्षण केंद्रात जायचं आणि एकेका टप्प्याचं आरक्षण करायचं. मोबाइलवर यातलं काही होत नाही. एका चहाच्या अवधीत अॅपवरून कन्याकुमारीचं तिकीट काढायची सवय लागलेला माणूस हे ऐकूनच टॅक्सीवाल्याला फोन लावतो. आणि नोकरदार माणसाला कामाच्या दिवशी विभागीय कार्यालयात जायचं म्हणजे सुट्टी ठरवण्यासाठी एक सुट्टी घालवावी लागते.

कार्यालयातल्या माणसांना मी दोष देणार नाही. वर्षातून क्वचित कधी येणारा अर्ज. नियमपुस्तिका काढा, कुठल्या मार्गानं किती अंतर ते बघा, बेरीज करा. हे काम हातानं करायचं म्हटलं तर कंटाळवाणंच आहे. पण यंत्राला यात काय अवघड आहे? स्थानकापासून स्थानकापर्यंतचं अंतर तुमच्या संगणकात आहे, दराचं कोष्टक आहे. प्रवाशानं नऊ टप्पे टाकले की बेरीज करून, निम्मं करून, भाडं दाखवायचं. बारावीतला मुलगा सुट्टीत हा हिशेब लिहून देईल.

याहून मोठी अडचण पुढं आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. दलालांना आळा, रद्द होणारी तिकिटं कमी, वगैरे कारणं पटण्यासारखी आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही. वर्तुळात निघालेल्याचं मात्र यात भलतंच होतं. पुणे-बडोदा हा पहिला टप्पा साठ दिवस आधी काढायला जावं तर काशी-पुणे हा शेवटचा टप्पा अजून उघडलेलाच नसतो. तो उघडणार आणखी तीन-चार आठवड्यांनी. तोवर मधल्या गावांतल्या धर्मशाळा, हॉटेलं, ऑफिसातली रजा सगळं ठरवून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. काशीहून पुण्याला थेट येणारी ज्ञानगंगा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा. ती हुकली तर पुढची आठ दिवसांनी, किंवा मग मुंबईची गाडी धरून कल्याणला उतरून पुणं गाठायचं. म्हणजे वर्तुळाचं तोंड मिटणार की नाही, हे निघायचं ठरवताना माहीत नसतं. तिकीट एक, पण ते पुरं होण्याची हमी नाही.

हे सुधारता येणार नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण तुम्ही ते करून दाखवलंत. २०२५च्या दिवाळीला तुम्ही जाण्या-येण्याची एक योजना काढली होती. १३ ते २६ ऑक्टोबरमध्ये जायचं, १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरमध्ये परत यायचं, दोन्ही तिकिटं एकत्र काढली तर परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट. त्यात परतीच्या तिकिटाला साठ दिवसांची अट लावलेली नव्हती. जाण्याचं तिकीट निघालं की त्याच्याशी जोडून परतीचं तिकीट लगेच काढता येत होतं. दोन टप्प्यांना जे जमलं ते नऊ टप्प्यांना जमू नये असं संगणकाच्या दृष्टीनं तरी काही नाही. पहिला टप्पा ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी सगळं वर्तुळ उघडावं, एवढीच मागणी आहे. या पत्रात एकच मागणी मान्य करायची असेल तर ही करा, बाकीच्या राहू देत.

एकदा खिडकी उघडली तरी आणखी एक फाटा आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत सुरुवातीच्या स्थानकाचा कोटा मोठा. मधल्या स्थानकांतून चढून मधेच उतरणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा 'पूल्ड' किंवा 'रिमोट' कोट्याची वेटिंग लिस्ट येते. ती किती धिम्या गतीनं सरकते हे भोपाळहून झाशीला किंवा झाशीहून ग्वाल्हेरला जाणाऱ्यांना विचारा. आमच्या नऊ टप्प्यांपैकी बहुतेक असे मधले. एक टप्पा वेटिंगमध्ये अडकला की पुढच्या सगळ्या माळेचा दोरा तुटतो. गोल तिकीटवाल्यांसाठी निराळा कोटा ठेवा असं म्हणण्याइतका मी हावरट नाही. पण याच मार्गावर दिवसा धावणाऱ्या, खुर्च्यांच्या गाड्या आहेत. दोन-तीन तासांच्या टप्प्याला प्रवाशाला बर्थची गरज नसते. अर्ज भरतानाच संगणकानं अशी गाडी सुचवली तर प्रवाशाचंही काम होईल आणि रात्रीचा एक बर्थ एखाद्या गरजू माणसाला मिळेल.

आता तुमच्या बाजूनं जे उत्तर येईल ते मीच लिहून टाकतो. तुम्ही म्हणाल, सहलीला जायचं असेल तर आमच्या भारत गौरव गाड्या आहेत. खऱ्याच आहेत. २०२१च्या नोव्हेंबरात तुम्ही ते धोरण आणलंत. जून २०२५मध्ये शिवाजी महाराजांच्या नावाचं सर्किट घेऊन एक गाडी मुंबईहून निघाली. रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा असं बरंच काही त्यात होतं. जेवण, राहणं, बस, गाइड सगळं ठरलेलं. ज्यांना पायाचं दुखणं आहे, ज्यांच्या सोबतीला कोणी नाही, त्यांच्यासाठी अशी सहल सोयीची असते हे मी मोकळ्या मनानं कबूल करतो.

पण सगळे प्रवासी तसे नसतात. ग्वाल्हेरचंच बघा. ठरलेल्या सहलीत ग्वाल्हेरला अर्धा दिवस मिळतो. किल्ला, मानमंदिर, जयविलास राजवाडा, परत गाडीत. राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी असते, तिच्याभोवती गर्दी जमते, फोटो काढले जातात. (रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी ही गाडी पाहिलीच असेल. वेळेवर धावते.) पण फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, तिथं शांत बसायला अर्धा तास लागतो. तानसेनाची कबर आहे, शेजारी मुहम्मद गौसांचा दगडी जाळ्यांचा मकबरा आहे. त्या जाळ्यांमधून उन्हं कशी उतरतात ते बघायला संध्याकाळी जावं लागतं. आणि जो गाणं ऐकणारा आहे त्याचं पाऊल ग्वाल्हेरमध्ये सहज हलत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं वासुदेवबुवा जोशांकडे शिकले, ती गायकी घेऊन खाली आले. त्यांच्याकडे मिरजेला विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, आणि पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज महाराष्ट्रात गल्लोगल्ली पेटी-तबल्याचे वर्ग चालतात, त्यांतल्या कित्येकांची मुळं शोधत गेलं तर वाट या गावावरूनच जाते. अशा माणसाला डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला तीन रात्री राहायचं असतं आणि आग्रा टाळला तरी चालतं. दुसऱ्या कोणाला आग्रा हवा असतो आणि ग्वाल्हेर नको असतं. तिसऱ्या घरात आजींना काशीत आठ दिवस राहून रोज गंगेचं स्नान करायचं असतं, आणि नातवाला भोपाळहून सांचीला जाऊन स्तूप बघायचा असतो. गाडी एक, मार्ग एक, वेळापत्रक एक अशा सहलीत या चौघांना बसवायला गेलं तर चौघंही थोडे थोडे नाराज परततात. गोल तिकिटात प्रत्येकाला आपलं वर्तुळ मिळतं आणि तुम्हाला नवी गाडीही काढावी लागत नाही. तुमच्याच रोजच्या गाड्यांतून, स्वतःचा डबा बांधून आणि स्वतःची धर्मशाळा शोधून, तो जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिवाळी-छटपूजेला दारात लोंबकळत गावी जाणाऱ्या माणसाला जागा नसताना हौशी फिरस्त्यांना सवलत का द्यायची? प्रश्न रास्त आहे. तिकिटांवर तुम्ही छापत आलात की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. ते वाचून फिरायला निघालेल्या माणसालाही थोडं ओशाळायला होतं. म्हणून मी गर्दीच्या दिवसांत हे तिकीट चालू ठेवा असं म्हणत नाही. होळी, मे महिना, दिवाळी वगळा. जुलै-ऑगस्ट, सप्टेंबर, जानेवारीतले आठवड्याच्या मधले दिवस द्या. निवृत्त माणसाला मंगळवार काय आणि रविवार काय. ज्या दिवशी बर्थ रिकामा जाणार त्या दिवशी तो कमी भाड्यानं गेला तर तुमच्याच गल्ल्यात भर पडते. आणि उतरती भाडी ही सवलत तरी कशी? मुंबईहून हावड्याला एका दमात जाणाऱ्याला तुम्ही तोच दर देताच. आम्ही एवढंच म्हणतो की मधे आठ ठिकाणी उतरलो म्हणून दंड लावू नका.

परदेशातले दाखले देऊन तुम्हाला खजील करण्याचा हेतू नाही, पण एक फरक सांगण्यासारखा आहे. युरोपात १९५९पासून युरेलचा पास आहे, तिथल्याच लोकांसाठी १९७२पासून इंटररेल. जपाननं १९८१ साली पर्यटकांसाठी पास काढला. २०२३च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० वर नेल्यावर तिकडं जाणाऱ्या आपल्या लोकांनीही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडले. आपल्याकडेही परदेशी आणि अनिवासी प्रवाशांसाठी इंडरेल पास होता, तो २०१७ साली बंद झाला. त्याचं मला फारसं दुःख नाही. वाटेल त्या गाडीत चढा, हा पासाचा अर्थ. आपल्या गाड्यांत आरक्षणावाचून चढलेला माणूस दारापाशीच उभा राहतो. आपल्या परिस्थितीला जागा आधी ठरवून घेतलेलं वर्तुळच बरं. ते आपल्याकडं आहे, आणि आपणच ते अडगळीत टाकलं.

आणखी दोन-चार गोष्टी, थोडक्यात. एप्रिल २०१९पासून दोन पीएनआर जोडता येतात, पहिली गाडी उशिरा आल्यानं पुढची चुकली तर पुढच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. गोल तिकिटाच्या सगळ्या टप्प्यांना हे लागू करा. नऊ गाड्यांतली एखादी तरी रखडणारच. मधल्या स्थानकांवरची क्लोकरूम चालू स्थितीत ठेवा. सकाळी सहाला झाशीला उतरून, कुलूप लावलेली बॅग तिथं टाकून, ओरछा बघून रात्रीच्या गाडीला येणाऱ्याला तेवढं पुरतं. रिटायरिंग रूम आता मोबाइलवरून मिळतात हे चांगलं आहे, पण त्यांची भाडी हॉटेलांशी स्पर्धा करायला लागली तर त्यांचा उपयोग काय? आणि मार्च २०२०पासून बंद असलेली ज्येष्ठांची सवलत. साठीच्या पुरुषांना ४० टक्के, अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के होती. सगळीकडे परत देणं तिजोरीला झेपत नसेल, तर निदान गर्दीच्या दिवसांबाहेर काढलेल्या गोल तिकिटावर ती द्या. अशा सहली कोण करतं? मुलगा बंगळुरूला, मुलगी ऑस्ट्रेलियात, आणि इथं दोघंच उरलेली, हातपाय अजून धड असलेली माणसं. त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ केलेली असतात. ती कुठं उपयोगी पडत नाहीत, म्हणून नातेवाइकांना सल्ले देण्यात खर्च होतात.

हे सगळं एकदम होणार नाही याची कल्पना आहे. म्हणून सुरुवात कुठून करायची तेही सुचवतो. एक वर्षासाठी पुणे, नागपूर, मुंबई अशा तीन-चार स्थानकांपासून निघणाऱ्या वर्तुळांना हे तिकीट ऑनलाइन द्या. नागपूरच्या लोकांना पुरी-भुवनेश्वर-हैदराबाद लागेल, मुंबईच्या लोकांना कोकण रेल्वेनं खाली उतरून केरळ, मदुराई, तंजावर करत वर यायचं असेल. तंजावरला सरफोजीराजांच्या सरस्वती महालात मोडीचे रुमाल आहेत, त्यांची आठवण काढणारे लोक अजून आहेत. वर्षाअखेरीस किती तिकिटं गेली, किती टप्पे कन्फर्म झाले, बिनगर्दीच्या दिवसांत किती बर्थ भरले, एवढे आकडे काढा. आकडे वाईट आले तर योजना बंद करा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

दरम्यान माझा अर्ज जुन्याच रीतीनं विभागीय कार्यालयात देतो आहे. मार्ग वर लिहिल्याप्रमाणे. निघण्याचा महिना जानेवारी, वर्ग थ्री टियर एसी, प्रवासी दोन, दोघांना जमलं तर लोअर बर्थ.

कळावे,

आपला,
पुण्याचा एक प्रवासी

ता. क. : थांबे आठच का, हे जमल्यास कळवावं. नववा मिळाला तर परतीच्या वाटेवर जबलपूरला उतरून भेडाघाट बघता येईल. घरातून तशी मागणी आहे, आणि ती नामंजूर करण्याचा अधिकार मला नाही.